करडांची हगवण : तीनदा जंताचं औषध पाजलं, तरी नऊ करडं गेली

घोडनदीकाठ (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. इथं बरेच शेळीवाले आहेत, दोन-तीन डॉक्टरही आहेत, म्हणून हक्काने विचारतोय.

आंबेगाव तालुक्यात आमचं बंदिस्त शेळीपालन आहे. उस्मानाबादी २२ शेळ्या आणि एक बोकड. यंदा जून-जुलैत दोन सोडून सगळ्या व्याल्या, ३१ करडं झाली. आज २२ उरलीत. गेल्या १८ दिवसांत नऊ गेली. सगळी सव्वा ते अडीच महिन्यांची. मोठ्या शेळ्यांना काहीच नाही, त्या निवांत रवंथ करतायत.

पहिली गेली ती एक पाठ, म्हणजे मादी करडू. संध्याकाळी दूध पिऊन उड्या मारत होती, सकाळी बघतो तर कोपऱ्यात कुबड काढून, कान पाडून उभी. शेपटीखाली आणि मागच्या मांड्यांवर हिरवट-काळं चिकटलेलं. हगवण पाण्यासारखी, मधूनच शेंबूड, वास फार घाण. रक्त नाही. कुंथायची सारखी. दुसऱ्या दिवशी डोळे खोल गेले आणि तिसऱ्या दिवशी दुपारी माझ्या बायकोच्या मांडीवर तिने मान टाकली.

मला वाटलं जंत असणार. औषध दुकानातून अल्बेंडाझोल आणून सगळ्यांना पाजलं. पाच दिवसांत आणखी दोन गेली, म्हणून परत पाजलं. मग एकाने सांगितलं म्हणून आयव्हरमेक्टिन टोचून घेतलं. तीनदा झालं, मरतूक थांबत नाही.

आंत्रविषार आणि पीपीआर (शेळ्यांचा प्लेग), दोन्ही लसी शेळ्यांना मे महिन्यात झाल्यात. चारा म्हणजे मका, मेथीघास, शेवरीचा पाला आणि थोडा भरडा. शेडात दहा-बारा गावरान कोंबड्या मोकळ्या असतात. आईचं म्हणणं, हे कोंबड्यांमुळेच होतंय, विकून टाक.

आज आणखी दोन करडं ढिली पडलीत. रात्री झोप नाही. कुणाला अनुभव असेल तर कृपा करून लिहा.

माळावरचा_तात्या

वाचून जीव कळवळला रे बाबा. आमच्याकडे हगवणीला डाळिंबाची वाळकी साल उकळून त्याचं पाणी पाजतात, वर ताक. बेलफळाचा गरही चालतो. मी पस्तीस वर्षं हेच करतोय. मुख्य म्हणजे पाणी तुटू देऊ नको, चमच्या-चमच्याने पाजत राहा.

बोकडवाला_फलटण

भाऊ, आयव्हरमेक्टिन कुठल्या कंपनीचं होतं? माझ्याकडे दोन वर्षांपूर्वी अशीच हगवण लागली होती, आयव्हरमेक्टिन दिलं आणि पाचव्या दिवशी सगळी टुणटुणीत. तुमची मात्रा कमी पडली असेल. परत एकदा द्या.

पशुवैद्य_नीरा

थांबा, अजून औषध टोचू नका. दादा, मला आधी काही गोष्टी सांगा. खालची पापणी ओढून बघा, आतला रंग गुलाबी आहे की पांढरा पडलाय? जबड्याखाली पाण्याची सूज आहे का? तोंडात फोड, नाकातून शेंबूड, ताप? आणि सगळ्यात महत्त्वाचं, करडं रात्री बसतात ती जागा कशी आहे? तिथली जमीन, तिथलं पाणी, गव्हाण, सगळं लिहा. जमेल तेवढं बारीक लिहा.

घोडनदीकाठ (धागाकर्ता)

मॅडम, पापणी गुलाबीच आहे, जरा फिकी म्हणता येईल. जबड्याखाली सूज नाही. तोंड-नाक स्वच्छ. ताप दोघांनाच होता, तोही थोडा.

जागेचं सांगतो. शेड मागच्या वर्षीच बांधलं. शेळ्यांचा भाग मुरमाचा, पण करडांसाठी पश्चिमेच्या कोपऱ्यात सिमेंटचा कोबा केलेला कप्पा आहे, दहा बाय आठ फुटांचा. शेळ्या चरायला किंवा गव्हाणीला लावल्या की ३१ च्या ३१ करडं त्यातच. कोब्याचा उतार चुकलाय, पाणी बाहेर जायच्या ऐवजी आत कोपऱ्यात येतं. पत्र्याची पन्हळ जुलैच्या वाऱ्यात निखळली, तेव्हापासून झड आली की त्याच कोपऱ्यात पाणी ठिबकतं. पाण्याचं घमेलं खाली ठेवलंय, करडं त्यात पाय घालतात. पाला जमिनीवरच टाकतो. छोटी गव्हाण आहे, पण करडं तिच्यात चढून बसतात.

झाडणं तीन दिवसांनी होतं, पावसात कधी चार. पण फिनेल रोज मारतो, त्यात कुचराई नाही.

पशुवैद्य_नीरा

आता चित्र बरंच स्पष्ट झालं. पापणी पांढरीफटक नाही आणि जबड्याखाली सूज नाही, म्हणजे रक्त पिणारे जंत मागे पडले. वय, कुंथणं, मोठ्या शेळ्या ठणठणीत असणं आणि तो ओला कोपरा. मला हे कॉक्सिडियाचं लक्षण वाटतं. कोंबडीवाले ज्याला 'कॉक्सी' म्हणतात, तसाच शेळ्यांचा आजार. खात्री लेंडी तपासून किंवा मेलेलं करडू उघडून बघितल्यावरच होईल, पण तोवर हातावर हात ठेवून बसायची वेळ नाही.

तीनदा औषध का लागू पडलं नाही ते समजून घ्या. जंत हा किडा असतो, पोटात किंवा आतड्याच्या पोकळीत राहतो. कॉक्सिडिया हा एकाच पेशीचा जीव. तो आतड्याच्या अस्तरातल्या पेशीच्या आत शिरतो, तिथं वाढतो, पेशी फोडून बाहेर पडतो आणि शेजारच्या पेशीत घुसतो. अस्तर सोललं गेलं की प्यायलेलं दूध आणि पाणी अंगी लागत नाही, सगळं खाली वाहून जातं. अल्बेंडाझोल, फेनबेंडाझोल, आयव्हरमेक्टिन यातलं काहीही याला लागू पडत नाही. मात्रा वाढवूनही नाही.

आता तुमचा कोपरा. लेंडीतून बाहेर पडतं ते याचं अंडं (ऊसिस्ट म्हणतात, मी सोयीसाठी अंडं म्हणते). ताजं अंडं कुणाला आजारी करत नाही. त्याला पिकायला ओल, ऊब आणि हवा लागते. हे तिन्ही मिळालं की दोन-चार दिवसांत ते पिकतं आणि त्याच्या आत आठ जीव तयार होतात. तुम्ही तीन-चार दिवसांनी झाडता, म्हणजे नेमकं ते पिकेपर्यंत थांबता. यात तुमचा दोष नाही, कुणी सांगितलंच नसेल. पण उद्यापासून रोज झाडायचं, तेही कोरडं. पाणी मारून धुवायचं नाही.

फिनेल थांबवा. या अंड्याचं कवच इतकं चिवट असतं की नेहमीची जंतुनाशकं त्याला भेदत नाहीत. उलट रोज फिनेलचं पाणी मारून ओल तुम्हीच वाढवताय. याचे खरे शत्रू ऊन, कोरडेपणा आणि आग.

दुसरी गोष्ट, करडाने पिकलेलं अंडं गिळल्यापासून त्याच्या लेंडीत नवी अंडी दिसेपर्यंत साधारण दोन-तीन आठवडे जातात. आज जे करडू ढिलं पडलंय त्याने ते पंधरवड्यापूर्वी गिळलंय. आणि आज जे उड्या मारतंय त्याच्याही आतड्यात काम सुरू झालेलं असू शकतं. म्हणून औषध फक्त आजारी करडाला नाही, त्या कप्प्यातल्या सगळ्यांना.

औषधं तीन प्रकारची वापरतो आम्ही : टोल्ट्राझुरिल, सल्फा गटातली, आणि ॲम्प्रोलियम. तुमच्या करडांना कुठलं आणि किती, हे समोर बघून वजनावर ठरवावं लागतं. १९६२ या पशुवैद्यकीय मदत क्रमांकावर फोन करा, फिरतं पथक येईल. किंवा जवळच्या दवाखान्यात एक आजारी आणि एक चांगलं करडू घेऊन जा. सल्फा देत असाल तर करडू पाणी पितंय ना, हे बघायलाच हवं. शरीर कोरडं पडलेलं असताना सल्फाचे खडे मूत्रपिंडात अडकतात. ॲम्प्रोलियमची गंमत वेगळी आहे. ते बी-१ जीवनसत्त्वासारखं दिसतं आणि परजीवीला ते जीवनसत्त्व मिळू देत नाही. पण मनाने मात्रा वाढवली किंवा सांगितल्यापेक्षा जास्त दिवस दिलं तर करडालाच बी-१ कमी पडतं. मान मागे टाकणं, आंधळ्यासारखं भिंतीला डोकं लावून उभं राहणं असं दिसलं तर लगेच डॉक्टर गाठा.

तोवर ढिल्या पडलेल्या दोघांना वेगळं काढा, कोरड्या पोत्यावर बसवा आणि मीठ-साखर-पाणी दर तासाला थोडं थोडं पाजा. आईचं दूध बंद करू नका. तात्यांचं पाण्याबद्दलचं म्हणणं शंभर टक्के बरोबर आहे. डाळिंबाच्या सालीने हगवण थोडी आवळेल, पण पेशीच्या आत बसलेल्या जीवापर्यंत ती पोचत नाही. साल देऊन दोन दिवस वाट बघू असं मात्र करू नका. लहान करडाकडे तेवढे दिवस नसतात.

आणि आईंना सांगा, कोंबड्या निर्दोष आहेत. या जीवाच्या कुळाचं नाव आयमेरिया. त्यात शेकडो जाती आहेत आणि प्रत्येकीचं घर ठरलेलं. कोंबडीचा आयमेरिया शेळीला होत नाही, शेळीचा मेंढीला होत नाही. मात्र कोंबड्या गव्हाणीत घाण करत असतील तर दुसरे आजार येतात, तेवढ्यापुरत्या त्या बाहेर ठेवा.

काचपट्टी

मॅडमनी सगळं लिहिलंच आहे. मी निदान प्रयोगशाळेत लेंड्या तपासण्याचं काम करतो, नमुन्याबद्दल दोन शब्द लिहितो, कारण निम्मे नमुने आमच्याकडे खराब होऊन येतात.

जमिनीवर पडलेली लेंडी नको. हातमोजा घालून थेट गुदद्वारातून घ्या, पाच ग्रॅम पुरते. चार-पाच करडांची घ्या, त्यात दोन तरी वरून चांगली दिसणारी असू द्या. झाकणाच्या स्वच्छ बाटलीत, वर करडाची खूण आणि वय लिहून. त्याच दिवशी पोचवता आलं नाही तर फ्रिजमध्ये ठेवा, बर्फाच्या कप्प्यात नको. दुचाकीच्या डिक्कीत दोन दिवस उन्हात तापलेल्या नमुन्यातून काही कळत नाही.

पुढे आम्ही ती लेंडी मिठाच्या संपृक्त पाण्यात कालवतो, गाळतो आणि वर काच टेकवून ठेवतो. अंडी हलकी, ती तरंगून काचेला चिकटतात. सूक्ष्मदर्शकाखाली पहिल्यांदा बघितलं ते मला अजून आठवतं. लंबगोल, कडा काचेसारखी लख्ख, मधोमध दाणेदार गोळा. काहींना एका टोकाला चक्क टोपी असते. तीच अंडी ओलसर ठेवून तीन-चार दिवसांनी बघितली की मधल्या गोळ्याचे चार भाग झालेले दिसतात, आणि प्रत्येक भागात दोन जीव. एका मिलिमीटरच्या रेषेत अशी चाळीसेक मावतील, एवढा त्यांचा आकार. लेव्हेनहूक या डच माणसाने १६७४ साली सशाच्या पित्तात असलीच अंडी आपल्या भिंगातून पाहिली होती. म्हणजे हा जीव माणसाने पाहिलेल्या पहिल्या एकपेशीय परजीवींपैकी एक.

एक सावधगिरी. नुसत्या आकड्यावर जाऊ नका. मोठ्या निरोगी शेळीच्या लेंडीतही अंडी सापडतात. आणि उलट, हगवणीच्या पहिल्या एक-दोन दिवसांत अहवाल कोरा येऊ शकतो, कारण आतड्याची नासधूस आधी होते, अंडी नंतर पडतात. कोरा अहवाल बघून निर्धास्त होऊ नका.

सावली_खानापूर

दादा, वाईट वाटलं वाचून. माझ्याकडे शेळ्या नाहीत, बचत गटातून आम्ही सहा जणी गावरान कोंबड्या पाळतो. पण कॉक्सीने मला जे शिकवलं ते तुमच्या कप्प्यालाही लागू आहे म्हणून लिहिते.

तीन वर्षांपूर्वी श्रावणात ३०० पिल्लं आणली होती. चौथ्या आठवड्यात एका सकाळी भाताच्या तुसावर लाल डाग दिसले. कुणी कुंकू सांडलंय असं वाटावं इतके लाल. पिल्लं पंख पाडून, पिसं फुगवून एकमेकांना चिकटून बसलेली. दुपारपर्यंत ११ गेली. आमच्या डॉक्टरांनी तिथंच एक मेलेलं पिल्लू उघडून दाखवलं. कोंबडीला दोन बंद टोकांची आतडी असतात, ती दोन्ही रक्ताने भरून बोटाएवढी फुगलेली होती. ते म्हणाले, ही टेनेला जात, हिचं घर हेच. कोंबडीत हिच्यासारख्या सात जाती सांगतात आणि प्रत्येकीची आतड्यातली जागा वेगळी.

आमची चूक कुठे होती ती सांगते. पाण्याची भांडी बुटकी होती, पिल्लं त्यात पाय मारायची आणि भोवतीची गादी चिखल व्हायची. शिवाय आम्ही तयार खाद्य परवडत नाही म्हणून घरचा मका-भरडा चालू केला होता. तयार चिक खाद्यात बहुतेक वेळा कॉक्सीला आवर घालणारं औषध मिसळलेलं असतं, ते आमच्या पिल्लांना मिळालंच नाही. ४६ पिल्लं गेली.

आता आम्ही रोज सकाळी एक गोष्ट करतो. भांड्याशेजारचं मूठभर तूस घेऊन घट्ट दाबायचं. मूठ उघडल्यावर भुरभुर सुटलं तर ठीक. गोळा राहिला तर ओल जास्त. मग तेवढं तूस काढून टाकायचं, उरलेलं खालीवर करायचं, वर चुना भुरभुरायचा. पाण्याचं भांडं पिल्लाच्या पाठीच्या उंचीला टांगायचं आणि दर आठवड्याला वर घ्यायचं. गटातल्या सगळ्यात धाकटीने, सुनेने, ही मूठ दाबायची सवय लावली. त्यानंतर कॉक्सी आलीच नाही असं नाही, पण तुसावर लाल डाग मी पुन्हा पाहिले नाहीत.

तुमच्या करडांच्या कोपऱ्यातला पालापाचोळा असाच मुठीत दाबून बघा.

बोकडवाला_फलटण

मॅडमचा मान राखून विचारतो. आयव्हरमेक्टिन लागू पडत नाही म्हणता, मग माझी करडं पाचव्या दिवशी बरी कशी झाली? मी डोळ्यांनी बघितलंय.

पशुवैद्य_नीरा

चांगला प्रश्न विचारलात. तुम्ही बघितलं ते खरंच आहे.

हा जीव जंतासारखा महिनोन्‌महिने पोटात बसून राहत नाही. त्याच्या आतड्यातल्या पिढ्या ठरलेल्या असतात. तेवढ्या झाल्या की अंडी होऊन तो लेंडीवाटे बाहेर पडतो आणि त्या फेऱ्यापुरतं काम संपतं. करडाने पुन्हा अंडी गिळली नाहीत तर हगवण चार-पाच दिवसांत आपोआप ओसरते. म्हणजे ज्या करडाने थोडी गिळली असतील ते काहीही न देता उठून बसतं, आणि ज्याने ढिगाने गिळली ते मरतं. तुमच्याकडची बहुधा पहिल्या प्रकारची होती, किंवा मधे ऊन पडून कप्पा वाळला असेल. त्या पाच दिवसांत जे औषध हातात होतं त्याला श्रेय मिळालं. डाळिंबाच्या सालीलाही असंच श्रेय मिळतं. मी नवीन असताना माझ्या हातून स्वतःच्या औषधालाही असं श्रेय दिलं गेलंय, म्हणून ठामपणे सांगते.

मला काळजी वेगळी आहे. विनाकारण वारंवार जंतनाशक दिलं की जे खरे जंत आहेत ते त्या औषधाला सरावतात. पुढे खरंच जंत झाले की हातात काही उरत नाही.

बोकडवाला_फलटण

पटलं मॅडम. आठवलं, तेव्हा पाऊस उघडला होता आणि मी करडं मागच्या ओट्यावर हलवली होती.

मेंढका_वाडा

राम राम. आम्ही मेंढपाळ. पावसाळा सरला की कळप घेऊन कोकणात उतरतो, सोबत दोन घोड्या असतात सामानाला. आमच्यात कोकरांना बाजारातून आणून वाड्यात दाटीवाटीने ठेवलं की आठ-दहा दिवसांनी अशी हगवण लागते. मोकळ्या रानात असली की नाही. ताईंनी लिहिलं की कोंबडीच्या खाद्यात औषध असतं. ते खाद्य कोकरांना चारलं तर चालेल का? एका पोल्ट्रीवाल्याकडे उरलेली चार पोती स्वस्तात मिळतायत.

पशुवैद्य_नीरा

दादा, कृपा करून घेऊ नका. कोंबडीच्या खाद्यात मोनेन्सिन, सॅलिनोमायसिन अशी औषधं असू शकतात. ती घोड्याला विष आहेत. वजनाच्या मानाने कोंबडी जेवढं रोज पचवते तेवढ्यात घोड्याचं हृदय निकामी होतं, आणि त्यावर उतारा नाही. पोती तळावर उघडी राहिली आणि रात्री घोडीने तोंड घातलं तर सकाळी ती उभी राहील याची खात्री मी देऊ शकत नाही. कोकरांनाही अंदाजाने ते चारणं धोक्याचंच आहे, मात्रा कोंबडीच्या हिशेबाची असते.

तुमचं निरीक्षण मात्र अचूक आहे. बाजार, प्रवास, आई तुटणं, चारा बदलणं, वर दाटी. कोकराची ताकद खचते आणि त्याच वेळी एकाच जागी लेंड्या साचतात. तळ वरचेवर हलवता, तेच तुमचं सगळ्यात मोठं औषध आहे.

मेंढका_वाडा

बरं झालं विचारलं. पोती नाही घेत. दोन्ही घोड्या घरच्या माणसांसारख्या आहेत.

घोडनदीकाठ (धागाकर्ता)

मंडळी, पाच दिवसांनी लिहितोय. मधे वेळच मिळाला नाही.

ढिल्या पडलेल्या दोघांपैकी एक त्याच रात्री गेलं. सकाळी दवाखान्यातले डॉक्टर आले, त्यांनी ते माझ्यासमोर उघडलं. लहान आतडं नुसतं बाहेरून बघितलं तरी खसखशीच्या दाण्याएवढे पांढरट-पिवळे ठिपके दिसत होते, जागोजागी, कुणी टाचणीने टोचून ठेवल्यासारखे. कापल्यावर आतून अस्तर जाड, सुजलेलं. डॉक्टर म्हणाले, बघून घे, हे विसरू नको. मी विसरणार नाही. आधीची नऊ करडं माझ्या हाताने पुरली आणि एकालाही उघडून बघितलं नव्हतं, ही खंत राहील.

काचपट्टी भाऊंनी सांगितल्याप्रमाणे पाच बाटल्या पाठवल्या. पाचहीत अंडी निघाली. वरून ठणठणीत दिसणाऱ्या एका नर करडात सगळ्यात जास्त.

२१ करडांचं एकेक वजन केलं. मापाचा काटा बाजारातल्या मित्राकडून आणला. डॉक्टरांनी टोल्ट्राझुरिलचा एक डोस प्रत्येकाला वजनाप्रमाणे पाजला.

कप्पा रिकामा केला. करडं पूर्वेच्या पडवीत हलवली, तिथं सकाळचं ऊन येतं. मेव्हण्याने जुन्या फळ्यांचं मचाण ठोकून दिलं, फळ्यांमधे बोटभर फट, लेंड्या खाली पडतात. पन्हळ बसवली. जुना कोबा खरवडला, तीन दिवस वाळू दिला, मग शेजारच्या पोल्ट्रीवाल्याची आगीची नळी आणून सगळा कोपरा भाजून काढला. चारा आधी लांब हलवला आणि पाण्याचे दोन ड्रम भरून ठेवले होते. वर चुना. पाण्याचं घमेलं विटांवर चढवलं, गव्हाण गजांच्या बाहेर घेतली, आता नुसती मुंडी आत जाते. लहान आणि मोठी करडं वेगळी केली.

सावलीताई, मूठ दाबून बघितली. हातातून पाणी गळलं.

म्हैसवाडी

धाग्यावर शेळ्या-कोंबड्याच चालल्यात म्हणून विचारतो, म्हशीच्या रेडकाला होतं का हे? माझ्या दीड महिन्याच्या रेडकाला रक्तमिश्रित शेण होतंय, सारखं कुंथतंय. आणि घरात लहान मुलं रेडकाशी खेळतात, त्यांना लागेल का?

पशुवैद्य_नीरा

होतं. वासरांत आणि रेडकांत तर रक्त जास्त दिसतं, करडांत कमी. म्हशींमधल्या आयमेरियाच्या एका जातीचं नावच उत्तर प्रदेशातल्या बरेलीवरून पडलंय, आयमेरिया बरेलियाय, कारण आपल्या संशोधकांनी १९६३ साली तिचं वर्णन तिथं केलं. रेडकू आजच दाखवा. एवढं कुंथत राहिलं तर गुदाशय बाहेर येऊ शकतं.

मुलांचं : आयमेरिया माणसाला होत नाही. पण त्याचा एक भाऊबंद आहे, क्रिप्टोस्पोरिडियम. तो एक ते चार आठवड्यांच्या वासरांना हगवण लावतो आणि माणसाला नक्की होतो. त्याची अंडी तर शेणातून पडतानाच पिकलेली असतात, आणि त्याच्यावर हमखास चालेल असं औषध नाही. तेव्हा हगवण लागलेल्या वासरा-रेडकापासून मुलं लांब, शेण काढल्यावर साबणाने हात धुणं, दूध उकळून. घरात कुणाची प्रतिकारशक्ती औषधांमुळे किंवा आजाराने कमी असेल तर त्यांनी गोठ्यात जाऊच नये.

घोडनदीकाठ (धागाकर्ता)

सहा आठवडे झाले. त्या दिवसानंतर एकही करडू गेलं नाही. २१ ची २१ आहेत.

पण सगळी सारखी नाहीत. एकाच शेळीची जुळी आहेत, एकाला हगवण लागली होती, दुसऱ्याला नाही. काल वजन केलं, धडधाकटाचं १२ किलो भरलं आणि आजारातून उठलेल्याचं साडेसात. खातंय दोघंही सारखंच. केसांना तकाकी नाही. मॅडम, हे भरून येईल का? आणि शेडातून ही कॉक्सी कायमची घालवता येईल का?

पशुवैद्य_नीरा

भरून येईल, पण हळू. अस्तर नव्याने येतं, तरी मधे गेलेले महिने परत मिळत नाहीत. त्याला भरडा थोडा थोडा, दिवसातून तीनदा द्या. विक्रीसाठी ठेवलं असेल तर घाई करू नका. पैदाशीसाठी मात्र ते निवडू नका.

कायमची जाणार नाही. मोठ्या शेळ्या थोडी थोडी अंडी टाकतच राहणार. आणि थोडी अंडी करडाच्या पोटात जाणं बरंच, त्यातूनच त्याची प्रतिकारशक्ती तयार होते. शेळीसाठी याची लस नाही, कोंबडीसाठी आहे. आपल्याला एवढंच बघायचंय की एका वेळी ढिगाने पोटात जाऊ नयेत. जन्मल्याबरोबर पोटभर चीक, मग कोरडी जागा. पुढच्या वेताची करडं महिन्याची झाली की नमुने पाठवा, हगवणीची वाट बघू नका.

माळावरचा_तात्या

मी पण काल आमच्या तीन करडांच्या लेंड्या तपासायला दिल्या. पहिल्यांदाच.

घोडनदीकाठ (धागाकर्ता)

राहिलेल्या दोन शेळ्या मार्गशीर्षात व्यायच्या आहेत. अदमासे दिवस धरून महिनाभरापुढची तारीख बायकोने कॅलेंडरवर लाल पेनाने गोल करून ठेवली आहे. बाटल्या धुऊन, वाळवून फ्रिजच्या दारात लावल्यात. आई रोज सकाळी कोंबड्यांना दाणे टाकायला जाते तेव्हा आधी करडांच्या मचाणाखाली हात घालून मूठ दाबून बघते.